मॅच पुढच्या दाराने पाहा

सदर : घरातला मोबाइल



या महिन्यात तीन घरांतून जवळजवळ एकच प्रश्न आला. मलकापूरच्या एका भगिनीने विचारले, "मुलगा म्हणतो, वर्ल्ड कपसाठी नवीन रिचार्ज हवा. खरंच लागतो का?" चिखलीच्या एका वडिलांना भीती वाटते ती रात्रीच्या जागरणाची. आणि मेहकरच्या एका मुलाने सरळच विचारले, "फुकट कुठे दिसेल ते सांगा."

प्रश्न वेळेवर आले आहेत. ११ जून २०२६ पासून १९ जुलैपर्यंत अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांत फुटबॉलचा वर्ल्ड कप आहे. पहिल्यांदाच ४८ संघ आहेत आणि सामने १०४. मोरोक्को, सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरिया, ट्युनिशिया, सेनेगल, कतार हे तर आहेतच. जॉर्डन आणि उझबेकिस्तान पहिल्यांदा वर्ल्ड कप खेळणार आहेत. आपल्या घरांतली मुले हे सामने पाहणारच. तेव्हा कसे पाहायचे ते आधी ठरवलेले बरे.

पण ॲपची गोष्ट सांगण्याआधी माझ्या आपाच्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगायला आपाने परवानगी दिली आहे. म्हणाली, "लिही. दुसऱ्या कोणाचे तरी वाचतील."

डिसेंबर २०२२. कतारचा वर्ल्ड कप. त्या वर्षी मोरोक्कोने काय केले ते आठवत असेल. ६ डिसेंबरला स्पेनला पेनल्टीवर हरवले, १० डिसेंबरला पोर्तुगालला १-० ने. उपांत्य फेरी गाठणारा तो आफ्रिकेतला आणि अरब जगातलाही पहिला देश. सामना संपला की खेळाडू मैदानावर सजदा करायचे. हकीमी धावत जाऊन अम्मीच्या कपाळाचा बोसा घ्यायचा. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मैदानावर क्रिकेटचेच राज्य. फुटबॉल म्हटले की आपल्याला विदर्भात कामठी आठवते, नाहीतर थेट कोल्हापूर. पण त्या पंधरा दिवसांत खामगाव तालुक्यातल्या आपाच्या घरी दादीसुद्धा विचारायची, "मोरोक्कोवाले कधी खेळणार आहेत?"

उपांत्य सामना फ्रान्सशी होता. आपल्याकडे १५ डिसेंबरची रात्र, साडेबारा वाजता. थंडी कडाक्याची. माझा भाचा तेव्हा नववीत. त्याने दुल्हेभाईंचा मोबाइल मागून घेतला, तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि सगळे रजया घेऊन समोर बसले. आता नेमके झाले असे की फोनची जागा भरलेली होती. लग्नाचे व्हिडिओ, गुड मॉर्निंगचे फोटो, काय काय. ॲप अपडेट मागत होते आणि अपडेटला जागा नव्हती. मॅच सुरू व्हायला दहा मिनिटे उरलेली. मुलांच्या एका ग्रुपवर कोणीतरी टाकले होते : "एचडी लाइव्ह, अडकणार नाही, हे छोटे ॲप टाका." फाइल खरेच लहान होती. भाच्याने टाकली. फोनने इशारा दिला, त्याने "तरीही चालू ठेवा" दाबले. ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. मॅच काही दिसली नाही. चित्राच्या जागी एक चक्र फिरत राहिले. शेवटी त्याने लग्नाचे व्हिडिओ काढून टाकले, मूळ ॲप अपडेट केले आणि सगळ्यांनी तिथेच मॅच पाहिली. मोरोक्को ०-२ ने हरला. हरल्यावरही पोरांनी सजदा केला, तेव्हा दादीच्या डोळ्यांत पाणी आले. सगळे झोपायला गेले.

सकाळी भाच्याने फोन पाहिला तर बँकेचे तीन मेसेज. साडेअठरा हजार रुपये गेलेले. कापसाचे पैसे होते. त्यातूनच मोठ्या भाचीची कॉलेजची फी जायची होती.

आणि इथे खरी गोष्ट सुरू होते. तो पोरगा तीन दिवस कोणाला काही बोलला नाही. मेसेज पुसून टाकले. जेवला नाही, शाळेत गेला नाही, पोट दुखते म्हणाला. चौथ्या दिवशी दुल्हेभाई बँकेत गेले तेव्हा सगळे उघड झाले. त्या तीन दिवसांत आणखी सात हजार गेले होते. तक्रार केली, पण तोवर पैसे कुठल्या कुठे फिरले होते. हाती काही लागले नाही.

मी गेलो तेव्हा भाचा माडीवर बसलेला. मला म्हणाला, "मामू, अब्बा मारतील म्हणून सांगितलं नाही." दुल्हेभाईंनी त्याला मारले नाही. पण मला एकांतात म्हणाले, "त्या रात्रीच मला उठवलं असतं तर निदान सात हजार वाचले असते. माझ्या पोराला माझी एवढी भीती का वाटावी?"

या गोष्टीतली सगळ्यात चटका लावणारी बाब अजून सांगितलेली नाही. ती मॅच भारतात फुकट होती. २०२२ च्या वर्ल्ड कपचे भारतातले हक्क व्हायकॉम १८ कडे होते आणि त्यांनी सगळे सामने जिओसिनेमा ॲपवर कुठल्याही वर्गणीशिवाय दाखवले. सिम कोणत्याही कंपनीचे असले तरी चालत होते. म्हणजे पुढचे दार सताड उघडे होते, आणि आमचा पोरगा मागच्या खिडकीतून शिरला.

दार दर वेळी बदलते

मग मुले चुकतात का? एक कारण असे की हे दार दर स्पर्धेला जागा बदलते. सामना दाखवण्याचा हक्क लिलावासारखा विकला जातो. ज्या कंपनीने तो विकत घेतला तिच्याच वाहिनीवर आणि तिच्याच ॲपवर तो सामना कायदेशीरपणे दिसतो. गेल्या काही वर्षांचा हिशेब पाहा.

२०१८ चा रशियातला वर्ल्ड कप सोनीकडे होता. मोबाइलवर तो सोनीलिव्हवर दिसला. २०२२ चा जिओसिनेमावर. २०२३ चा महिला वर्ल्ड कप फॅनकोड ॲपवर आणि टीव्हीवर डीडी स्पोर्ट्सवर. जानेवारी २०२४ मधला आशियाई कप, ज्यात भारतही खेळला, तो पुन्हा जिओसिनेमावर. त्याच वर्षीचा युरो कप सोनीलिव्हवर. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार झाले, म्हणजे जुने नावही राहिले नाही.

म्हणून "मागच्या वेळी ज्याच्यावर पाहिले त्याच्यावरच असेल" असे धरून वर्षाचा रिचार्ज मारू नका. मलकापूरच्या भगिनींना हेच उत्तर. स्पर्धा सुरू व्हायच्या आठवड्यात चार ठिकाणी पाहा.

एक, फिफाचे अधिकृत संकेतस्थळ. कोणत्या देशात कोणाकडे हक्क आहेत याची यादी फिफा स्वतः देते. त्यात भारत शोधा.

दोन, मोठ्या वर्तमानपत्राचे क्रीडा पान. सामना कुठे दिसणार ते वेळापत्रकाखाली एका ओळीत छापलेले असते.

तीन, प्ले स्टोअर. ॲपचे नाव तिथे स्वतः टाइप करून शोधा. कोणी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. ॲपखाली बनवणाऱ्या कंपनीचे नाव असते, ते वाचा. मिळत्याजुळत्या नावाची, चेंडूचे चित्र लावलेली ॲप पुष्कळ असतात. ती मॅच दाखवत नाहीत, जाहिराती दाखवतात.

चार, डीडी स्पोर्ट्स. ज्या सामन्यांना सरकारने राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवले आहे त्यांचे चित्रण हक्क घेणाऱ्या कंपनीला प्रसार भारतीलाही द्यावे लागते, असा २००७ चा कायदा आहे. घरी डीडी फ्री डिश असेल तर महिन्याचे भाडे नाही आणि इंटरनेटही लागत नाही. मेहकरच्या मुला, फुकट पाहायचे असेल तर आधी तिथे पाहा, मग अधिकृत ॲपमध्ये. पुष्कळदा काही सामने विनावर्गणी असतात किंवा मोबाइलच्या रिचार्जबरोबर वर्गणी आलेली असते. आपल्या रिचार्जमध्ये काय काय आहे हे आपल्यालाच माहीत नसते. कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन एकदा वाचा.

ज्यांच्या घरातले कोणी आखातात आहे त्यांच्यासाठी एक सूचना. भाईजान प्रेमाने तिकडच्या ॲपची लिंक पाठवतात, पण ती इथे चालत नाही. तो हक्क त्या देशापुरता असतो. मग मुले देश लपवणारे कुठलेतरी फुकट ॲप टाकतात आणि पुन्हा तीच खिडकी उघडते.

डेटाचा हिशेब

मोबाइलवर मॅच पाहताना किती डेटा जातो ते चित्राच्या दर्जावर ठरते. ढोबळ हिशेब असा : ४८०पी ठेवले तर तासाला पाऊण जीबीच्या आसपास, ७२०पी ला दीड जीबीच्या आसपास, १०८०पी ला तीन जीबीपर्यंत. मॅच मध्यंतरासकट दोन तासांची. म्हणजे रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जमध्ये ४८०पी वर एक मॅच कशीबशी बसते. ॲप "ऑटो" वर असते तेव्हा नेटवर्क चांगले मिळाले की ते आपोआप वरच्या दर्जाला जाते आणि पहिल्या हाफमध्येच डेटा संपल्याचा मेसेज येतो. म्हणून मॅच सुरू होताच सेटिंगमध्ये जाऊन दर्जा स्वतः ठरवा. मोबाइलच्या पडद्यावर ४८०पी पुरेसे असते.

दुसरी गोष्ट, रोजचा डेटा साधारणपणे रात्री १२ वाजता नवा सुरू होतो. साडेबाराची मॅच पाहिली तर ती उद्याच्या डेटातून जाते. सकाळी मुलीला अभ्यासाचा व्हिडिओ पाहायचा तर फोनमध्ये काही उरत नाही, आणि भांडण तिथून सुरू होते. काही प्लॅनमध्ये मध्यरात्र ते सकाळी ६ पर्यंतचा डेटा मोजला जात नाही. आपला प्लॅन तसा आहे का ते पाहा. नसेल तर एकाच दिवसासाठी मिळणारे छोटे डेटा पॅक महिन्याच्या महागड्या रिचार्जपेक्षा परवडतात, कारण १०४ पैकी तुम्ही पाहणार दहा-बारा मॅच.

चार फोनवर चार जण वेगवेगळी मॅच पाहतात तेव्हा डेटा चौपट जातो. एका पडद्यावर चौघांनी पाहिली तर एकदाच जातो. स्मार्ट टीव्ही असेल तर ॲप टीव्हीतच टाका. साधा एलईडी असेल आणि मागे एचडीएमआयची जागा असेल तर तिथे लावायचे छोटे यंत्र बाजारात मिळते. फोनच्या हॉटस्पॉटवर ते चालते. मात्र काही वर्गण्या फक्त मोबाइलपुरत्या असतात, टीव्हीवर चालत नाहीत. पैसे भरण्याआधी एवढे वाचून घ्या.

मोताळा, संग्रामपूरकडच्या ज्या गावांत घरात नेटवर्क धरत नाही, तिथे फोन खिडकीत किंवा गच्चीवर ठेवून हॉटस्पॉटने आत दुसऱ्या फोनवर पाहता येते. जूनमध्ये वादळवाऱ्याने लाइट जातेच. संध्याकाळीच फोन पूर्ण चार्ज करा. आणि आमच्या घरी जे घडले ते टाळायचे तर आदल्या दिवशीच फोनमध्ये जागा करा, ॲप अपडेट करा, लॉगिन करून ठेवा. मॅचला दहा मिनिटे उरलेली असतात तेव्हा माणूस काहीही दाबतो.

एक गमतीची बाब. ॲपवरचे चित्र टीव्हीपेक्षा अर्धा मिनिट किंवा त्याहून मागे असते. शेजारच्या घरातून "गोल" असा आवाज आला आणि आपल्याकडे चेंडू अजून मधेच असला तर ॲप बदलायला धावू नका. तो ॲपचा दोष नाही. सब्र करा, गोल आपल्याकडेही येईल.

रात्र आणि फज्र

२०२२ चा वर्ल्ड कप आपल्याला सोयीचा होता. सौदीने अर्जेंटिनाला २-१ ने हरवले ती मॅच आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू झाली होती. या वेळी तसे नाही. अमेरिका आपल्या मागे आहे. तिथली दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. बरेच सामने आपल्याकडे रात्री साडेनऊ, साडेबारा, पहाटे साडेतीन आणि सकाळी साडेसहाला येतील. पहिली मॅच ११ जूनची, पण आपल्याकडे ती १२ जूनच्या रात्री साडेबाराला. अंतिम सामनाही तसाच, २० जुलै सोमवार, रात्री साडेबारा. तारीख वाचताना ही गफलत होते. वेळापत्रक ॲपमध्ये भारतीय वेळेनुसार पाहा.

चिखलीच्या वडिलांची भीती खरी आहे. पण "अजिबात नाही" म्हटले की मुले रजईत फोन घेऊन पाहतात, आणि तिथे काय काय पाहतात ते आपल्याला कळत नाही. त्यापेक्षा आठवड्याच्या सुरुवातीला सगळे मिळून बसा, वेळापत्रक समोर ठेवा आणि ठरवा : या आठवड्यात दोन मॅच रात्री, सगळ्यांबरोबर, बैठकीत. बाकीच्यांचे क्षणचित्र दुसऱ्या दिवशी. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे पहिले दोन आठवडे सैल सोडता येतात. शाळा सुरू झाली की रात्रीची मॅच फक्त शनिवारी. आणि ज्यांच्या घरी पेरणी आहे त्यांना तर पहाटे उठायचेच आहे.

नमाजचा हिशेब मुलांनाच मांडू द्या. जूनच्या मध्यात आपल्या जिल्ह्यात फज्रची वेळ साधारण सव्वाचारनंतर सुरू होते आणि सूर्य पावणेसहाच्या सुमाराला उगवतो. नेमकी वेळ आपल्या मशिदीच्या तक्त्यावर पाहा. आता १४ जूनची पहाट घ्या. साडेतीनला ब्राझील विरुद्ध मोरोक्को. पहिला हाफ सव्वाचारच्या पुढेमागे संपतो, मग पंधरा मिनिटांचे मध्यंतर. मध्यंतरात वुजू करून ठेवायचा आणि शेवटची शिट्टी वाजली की फोन बाजूला, मुसल्ला पुढे. मशिदीतली जमात चुकू द्यायची नसेल तर दुसरा हाफ सोडायचा. हे कोणी ठरवायचे? मुलाला विचारा. ज्या खेळाडूंना पाहून तो जागतो, ते हरल्यावरही सजद्यात गेले होते, हे त्याने पाहिले आहे. त्याला फार सांगावे लागणार नाही.

साडेबाराची मॅच अडीचला संपते. ती पाहून झोपले तर फज्रला उठणे कठीण. जो रात्री जागेल त्याने गजर लावायचा आणि घरातल्या एका मोठ्याने त्याला उठवायची जबाबदारी घ्यायची. एवढे जमत नसेल तर ती मॅच आपल्यासाठी नाही, असा साधा नियम.

मुलींना बाजूला ठेवू नका. ३० जुलै २०२३ ला, रविवारी, ऑस्ट्रेलियात महिला वर्ल्ड कपमध्ये मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून मैदानात उतरली. मोठ्या महिलांच्या वर्ल्ड कपमध्ये असे पहिल्यांदाच झाले, आणि तो सामना मोरोक्कोने दक्षिण कोरियाविरुद्ध १-० ने जिंकला. फिफाने हिजाबवरची बंदी २०१४ मध्ये उठवली होती. घरातल्या मुलीला हे माहीत असावे. बैठकीत तिचीही जागा असावी, आणि मॅच चालू असताना चहा करायची पाळी भावाचीही असावी.

मॅचच्या आडून येणारा जुगार

मॅच सुरू झाली की फोनवर एक वेगळीच गर्दी सुरू होते. "कोण जिंकेल ते सांगा, दहा हजार मिळवा." "पहिल्या शंभर रुपयांवर शंभर मोफत." खेळाच्या बातम्यांचे नाव घेऊन सट्ट्याची ॲप येतात. चोरट्या लिंकवर तर मॅचच्या चौकटीभोवती याच जाहिराती असतात, कारण त्यांचा धंदाच त्यावर चालतो. फुकट मॅच हे आमिष, गिऱ्हाईक म्हणजे आपला मुलगा.

कुरआनने जुगाराला शराबच्या पंक्तीत बसवले आहे, सूरह माइदामध्ये, हे आपल्या घरांत वेगळे सांगायला नको. पण मुले म्हणतात, "हा जुगार नाही, टीम बनवायचा खेळ आहे." त्यांना सांगा, पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्राच्या कायद्याने बंदी आली आहे. टीम बनवून पैसे लावणेही त्यातच येते. म्हणजे आता दीनही नाही म्हणतो आणि कायदाही. घरात अंदाज बांधायचा तर कागदावर बांधा. ज्याचा अंदाज बरोबर येईल त्याच्या पसंतीचे कालवण दुसऱ्या दिवशी अम्मी करील, बस.

चोरून दाखवलेली मॅच पाहणे हाही लहान प्रश्न नाही. ज्याने हक्क विकत घेतला त्याच्या परवानगीशिवाय त्याचा माल घेणे, एवढा त्याचा सरळ अर्थ. "कंपनी मोठी आहे, तिला काय फरक पडतो" हे उत्तर आपण किराणा दुकानात देत नाही. मुले आपल्याकडून हेच शिकतात, की हलाल फक्त ताटातच पाहायचे असते की आणखीही कुठे.

चूक झालीच तर

आता सगळ्यात महत्त्वाचे. हा भाग कापून फ्रीजवर चिकटवला तरी चालेल.

मॅच दाखवणाऱ्या ॲपला तुमचे एसएमएस, फोनबुक किंवा पडद्यावरचे काहीही वाचायची गरज नसते. परवानगी मागितली की समजा, चोर आहे. प्ले स्टोअरबाहेरून आलेली, एपीके नावाने संपणारी फाइल उघडू नका. आणि ज्या फोनमध्ये बँकेचे ॲप आहे तो फोन मुलांच्या मॅचसाठी शक्यतो देऊच नका. दुसरा फोन नसेल तर मॅच टीव्हीवर.

तरीही कोणी दाबलेच, तर ताबडतोब फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून खाते आणि यूपीआय बंद करायला सांगा. मग १९३० हा नंबर लावा. तो सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही करता येते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात. जितक्या लवकर सांगाल तितके ते मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक आपली असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होते ते बँकेने सोसायचे असते. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. फोन दुरुस्तीवाल्याकडून पूर्ण पुसून घ्या आणि पासवर्ड बदला.

हे सगळे करायला पंधरा मिनिटे लागतात. पण त्या पंधरा मिनिटांच्या आधी एक गोष्ट घडावी लागते : ज्याच्या हातून चूक झाली त्याने ती सांगावी लागते. रात्रीचे दोन वाजलेले असोत, अब्बा झोपलेले असोत. आमच्या घरी तेच घडले नाही.

दुल्हेभाईंनी त्यानंतर घरात एक नियम केला, आणि तो मला सगळ्या ॲपपेक्षा मोठा वाटतो. त्यांनी मुलांना समोर बसवून सांगितले, "फोनवर काही चुकलं तर मला त्याच वेळी उठवायचं. त्या रात्री मी एक शब्द बोलणार नाही. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, नाश्त्यानंतर." आजवर दोनदा त्यांना मध्यरात्री उठवले गेले. एकदा धाकट्याने भलत्याच लिंकवर बोट लावले होते, दुसऱ्यांदा तर काही झालेच नव्हते, पोर उगाच घाबरले होते. दोन्ही वेळा दुल्हेभाई उठले, फोन बंद केला, बँकेत विचारले आणि झोपले. एक रुपया गेला नाही.

भाचा आता मोठा झाला आहे. १४ जूनच्या पहाटेसाठी त्याने मला आताच बोलावून ठेवले आहे. म्हणतो, "मामू, फोनमध्ये जागा केलीय. टीव्हीवर लावू. आणि मध्यंतरात वुजू." दादी आता राहिल्या नाहीत. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. त्यांची जागा रिकामी असेल. पण मोरोक्कोसाठी दुआ करणारे घरात कोणीतरी असेलच.

तुमच्या घरी मॅच पाहायचे काय ठरले ते लिहून कळवा. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, घरातल्या मोठ्यांच्या फोनवर येणाऱ्या "तुमची पेन्शन थांबली आहे" अशा मेसेजांविषयी बोलू.

खुदा हाफिज.